उंबरकरांनी लपवलेली लाट

"घे गं, सगळा घे," असं म्हणून उंबरकर सरांनी खरवसाचा डबा माझ्यापुढे सरकवला. "साखरेचा नाही, गुळाचा आहे. बायकोने मुद्दाम तुझ्यासाठी केलाय."

तेव्हाच माझी खात्री पटली, की विश्वाच्या जन्माचा पुरावा आम्हाला सापडलाय.

हसू नका, सांगते. तेव्हा मी तीस वर्षांची होते आणि पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत माझ्या पीएचडीचं सहावं वर्ष रडतखडत चाललं होतं. उंबरकर सर आमच्या गटाचं संगणकाचं काम बघायचे. वय सत्तावन्न, डोक्यावर मोजके केस, शर्टाच्या खिशात तीन पेनं. या माणसाने दोन वर्षं मला तोंड दाखवलं नव्हतं. मी जिन्यात दिसले की ते लिफ्टने जायचे आणि मी लिफ्टमध्ये शिरले की त्यांना व्यायामाचं महत्त्व आठवायचं. आणि आता जानेवारीपासून बघावं, तर सोमवारी साबुदाणावडा, बुधवारी अळूवडी आणि आज हा खरवस! मी काय बाळंतीण होते?

हे कोडं कळायला आमचं काम थोडं सांगावं लागेल. लडाखमध्ये पंधरा हजार फुटांवर आमची एक दुर्बीण होती. ती ताऱ्यांकडे बघायची नाही, ताऱ्यांच्या मधल्या काळोखाकडे बघायची. तारे जन्मायच्या आधीचा प्रकाश तिथे अजून शिल्लक आहे. थंड होत होत त्याच्या सूक्ष्मलहरी झाल्यात, डोळ्यांना दिसत नाहीत. विश्व जन्मलं त्या पहिल्या क्षणी अवकाशच गदगदा हललं असेल, तर त्या हादऱ्याने या प्रकाशाच्या कंपनांना एक बारीकसा पीळ दिला असणार. तो पीळ शोधायचा, एवढंच काम. त्या हादऱ्याचं पुस्तकी नाव आद्य गुरुत्वीय लहरी. आम्ही आपसांत नुसतं 'लाट' म्हणायचो. पंचाईत अशी, की आपल्या आकाशगंगेतली धूळसुद्धा थेट तसाच पीळ देते. म्हणून आधी आकड्यांमधून धूळ वजा करावी लागते. मी चार वर्षं तेच करत होते. आई शेजारणींना सांगायची, "आमची हेमांगी पुण्यात धूळ झटकते."

आमच्या गटाच्या प्रमुख केळुसकर मॅडम. वेंगुर्ल्याच्या, आवाज खणखणीत आणि स्वभाव संशयी. त्यांनी पहिल्याच दिवशी नियम सांगितला होता.

"माणसाला जे हवं तेच दिसतं. मलाही दिसतं. म्हणून माझा माझ्यावर विश्वास नाही आणि तुमच्यावर तर मुळीच नाही. तेव्हा आपण लपाछपी खेळायची."

लपाछपी अशी, की गटातल्या एकाने एकट्याने बसून नाणं उडवायचं. छापा पडला तर संगणकावर एक खोटी लाट तयार करून दुर्बिणीच्या आकड्यांत गुपचूप मिसळून द्यायची. काटा पडला तर काही करायचं नाही. काय केलं ते कागदावर लिहून पाकीट लाखेने बंद करायचं. ते पाकीट मॅडमच्या कपाटात राहणार. बाकीच्यांनी आपलं काम पूर्ण करायचं, उत्तर ठरवायचं, सह्या करायच्या आणि मगच पाकीट फोडायचं. म्हणजे आपण स्वतःला फसवतोय का ते कळतं आणि खरी लाट आलीच तर ती आपल्या यंत्राला दिसेल की नाही, तेही कळतं.

या कामासाठी मॅडमनी उंबरकरांना निवडलं, कारण उंबरकर खोटं बोलत नाहीत अशी त्यांची ख्याती होती. ख्याती कसली, दहशत होती. एका सहकाऱ्याच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला त्यांनी यजमानांना सांगितलं होतं, "न्हाणीघर चुकलंय." स्वतःच्या मुलीला बघायला पाहुणे आले, तेव्हा "मुलगी घोरते" हे त्यांनी पोहे द्यायच्या आधीच जाहीर केलं. लग्न ठरलं, हे त्या पाहुण्यांचं मोठेपण. अशा माणसाच्या पोटात गुपित ठेवायचं म्हणजे त्याचे हालच. कुणी सहज विचारलं, "काय उंबरकर, छापा का काटा?" की खोटं बोलता येत नाही आणि खरं सांगायचं नाही. म्हणून तर ते दोन वर्षं जिन्याने पळत होते.

आणि जानेवारीत माझ्या आकड्यांत पीळ दिसला. धूळ वजा केली तरी दिसला. आकाशाचे दोन तुकडे करून वेगवेगळे तपासले, दोन्हींत दिसला. मी आठ दिवस धड जेवले नाही. ही लाट चौदा अब्ज वर्षांपूर्वीची की उंबरकरांची, एवढंच ठरायचं होतं. पाकीट फोडायला अजून सहा आठवडे होते आणि मला धीर म्हणजे काय ते ठाऊक नाही. आमच्या घरात कुणालाच नाही.

म्हणून मी खरवस खाता खाता विचारलं, "सर, एक विचारू?"

"नको."

"लाटेबद्दल नाही."

"मग विचार."

"तुम्ही हल्ली माझ्याशी इतकं चांगलं का वागताय?"

सरांनी खिशातलं एक पेन काढलं आणि परत ठेवलं. डोळ्यांत पाणी आलं की काय अशी मला शंका आली.

"फार राबलीस गं तू," ते म्हणाले. "मला बघवत नाही. जाऊ दे. खा तू." आणि ते डबा तिथेच टाकून निघून गेले.

मी तर्क लावला. खोटी लाट या माणसाने घातली असती, तर त्याने अजूनच तोंड लपवलं असतं. हा तर डबे आणतोय! म्हणजे त्याला माहीत आहे की त्याने काही घातलेलं नाही, पोरीला खरी लाट सापडलीये, उद्या हिचं नाव जगभर होणार, आणि ते सांगता येत नाही म्हणून याचा जीव कासावीस होतोय. काय डोकं चालवलं होतं मी! सहा वर्षं शास्त्र शिकून हे.

मी हात धुतले आणि गॅलरीत जाऊन अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना फोन लावला.

अण्णांचा सिन्नरला मांडव आणि लाउडस्पीकरचा धंदा. लग्न, बारसं, निवडणूक, सत्कार, काही असो, मांडव आम्हा बोडक्यांचाच. चाळीस वर्षं अण्णांनी दुसऱ्यांच्या सत्कारांना कनाती बांधल्या, व्यासपीठावर खुर्च्या मांडल्या आणि स्वतः मागे ॲम्प्लिफायरशेजारी उभे राहिले. त्या खुर्च्यांवर ते कधी बसले नाहीत. मांडल्यावर फडक्याने पुसायचे आणि खाली उतरायचे.

"अण्णा, कुणाला सांगायचं नाही."

"न्हाई सांगत."

"आईला पण नाही."

"तिला तर न्हाईच न्हाई. बोल."

"विश्व जन्मलं ना, त्या क्षणाची खूण आम्हाला सापडलीये. म्हणजे मला सापडलीये. अजून जाहीर व्हायचंय."

अण्णांनी मला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग अण्णा म्हणाले, "म्हणजे विश्वाच्या बारशालाच गेलीस म्हण की पोरी!"

सव्वा महिन्याने त्यांचा फोन आला. "येत्या रविवारी सकाळी साडेदहाला ये. साडी नेसून ये."

"कशाला?"

"आता आलीस की कळंल."

"अण्णा! कुणाला सांगितलंत तुम्ही?"

"कुणाला न्हाई. फक्त दोघांना."

"कोणा दोघांना?"

"एक पाटोळे गुरुजींना. सूत्रसंचालन कोण करणार मग? आणि एक फ्लेक्सवाल्याला. त्याला तर सांगावंच लागतं."

सूत्रसंचालन आणि फ्लेक्स, म्हणजे सत्कार माझाच! पण पाकीट गुरुवारी फुटणार होतं, सत्कार रविवारी. म्हटलं, चला, तीन दिवस आधी जाहीर झालेलं असेल. बसलं गणित.

गुरुवारी सकाळी अकराला आम्ही सगळे मॅडमच्या खोलीत जमलो. सह्या झाल्या. मॅडमनी लाख फोडली, कागद काढला, चष्मा चढवला आणि वाचलं.

"छापा पडला. खोटी लाट घातली आहे." पुढे तिचा आकार होता. माझ्या उत्तरातला आकार आणि तो आकार दशांश चिन्हानंतर दुसऱ्या आकड्यापर्यंत जुळत होता. त्याखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'क्षमस्व.'

मॅडम खुर्चीतून उठल्या आणि चक्क टाळ्या पिटायला लागल्या. "गावली! जेवढी घातली तेवढीच गावली! अगो, यंत्र बघतंय आपलं!"

"आणि ती वजा केली तर खाली काय उरतं?" मी विचारलं.

"काही नाही. शून्य," मॅडम आनंदाने म्हणाल्या. "स्वच्छ शून्य."

आज या गोष्टीला चौदा वर्षं होऊन गेली. खरी लाट अजून कुणालाच सापडलेली नाही. मी अजून शोधतेय आणि त्या शून्याची किंमत आता मला कळते. तेव्हा मात्र मी बाहेर येऊन उंबरकरांना जिन्यात गाठलं आणि अशी काही ओरडले, की खालच्या मजल्यावरचे लोक वर आले.

"खरवस कशाला दिलात मला? कशाला दिलात?"

"अगं, तू मी घातलेल्या खोट्यामागे वेड्यासारखी धावत होतीस," सर रडवेले होऊन म्हणाले. "उपाशीतापाशी. मला रात्रंदिवस टोचणी. सांगता येईना. निदान पोटात चार घास तरी जावेत..."

तेव्हा मी पायरीवर बसले आणि त्यांना अण्णांचं, रविवारचं, फ्लेक्सचं सगळं सांगितलं. सर शेजारी बसले.

"मी येतो सिन्नरला," ते म्हणाले. "अपराध माझा आहे."

"काही नको. तुम्ही तिथे सगळ्यांसमोर खरं सांगाल."

"खोटं मी बोलणार नाही."

"नका बोलू. गप्प बसाल?"

सरांनी विचार केला. "गप्प बसेन."

तीन दिवस मी अण्णांना फोन करत होते. "अण्णा, एक सांगायचंय," म्हटलं की ते म्हणायचे, "आल्यावर सांग, शिडीवर आहे."

रविवारी सकाळी आम्ही बाजारतळावर पोचलो आणि मी डोळेच मिटून घेतले. वीस फुटी फ्लेक्स. एका कोपऱ्यात शनी, दुसऱ्यात उगवता सूर्य, मधे कुठल्यातरी परदेशी रॉकेटचा फोटो आणि माझा दहावीच्या हॉलतिकिटावरचा चेहरा. 'विश्वाच्या बारशाला हजर राहणारी सिन्नरची सुकन्या कु. हेमांगी रामनाथ बोडके हिचा भव्य नागरी सत्कार.' खाली सत्तर जणांची नावं आणि नमस्कार करणारे फोटो.

"शनीचा काही संबंध नाही," उंबरकर म्हणाले.

"सर, गप्प बसायचं ठरलंय ना?"

मी अण्णांना शोधत मांडवामागे गेले. त्यांनी नवा पांढरा शर्ट घातला होता, कडक इस्त्रीचा, आणि दाढी इतकी घोटून केली होती की हनुवटीला दोन जागी कापलं होतं.

"अण्णा, ऐका. ती जी खूण म्हटलं होतं ना मी..."

"हे बघ," अण्णांनी मला हाताला धरून व्यासपीठापाशी नेलं. वर सहा खुर्च्या होत्या. "शेवटची दिसती का? ती माझी. गुरुजी म्हणले, मुलीचा बाप वर बसला पाहिजे. मी म्हणलो, मंग साउंड कोण बघणार? तर म्हणले, एक दिवस बघू द्या कुणालाबी." ते हसले, आणि मग उगीच शर्टाची बाही सारखी केली. "तुझं काय म्हणणं होतं?"

"काही नाही," मी म्हणाले. "शर्ट छान दिसतोय."

लाज वाटली मला. पण नाही सांगवलं.

तासभर उशिराने अध्यक्ष आले आणि कार्यक्रम सुरू झाला. अण्णा शेवटच्या खुर्चीवर टोकाला बसले होते, उठून पळायची वेळ आली तर सोपं जावं अशा बेताने. मधे अध्यक्ष, म्हणजे तालुक्यातल्या एका पतपेढीचे चेअरमन. त्यांच्या शेजारी आई, हातातल्या रुमालाची गुंडाळी करत. पाटोळे गुरुजींनी मला जिजाऊंपासून सगळ्या थोर स्त्रियांच्या रांगेत नेऊन बसवलं आणि मग म्हणाले, "आता हेमांगीताईंचे मार्गदर्शक, पुण्याहून आलेले थोर शास्त्रज्ञ उंबरकर साहेब या शोधाविषयी दोन शब्द बोलतील!"

मी सरांकडे बघितलं. सरांनी माझ्याकडे बघितलं. ते उठले, माइकसमोर उभे राहिले आणि गप्प बसले.

मिनिटभर गप्प. खोटं बोलायचं नाही आणि खरं न बोलण्याचं वचन दिलेलं. कपाळावरून घाम निथळत होता. लोक चुळबुळायला लागले. मागून कुणीतरी ओरडलं, "ओ बोडके, माइक बंद पडला तुमचा!"

आणि अण्णा उठले. चाळीस वर्षांनी मिळालेल्या खुर्चीवरून ते एका क्षणात उठले, धावत माइकपाशी आले, सरांना म्हणाले, "माफ करा साहेब," वायर हलवून बघितली, माइकवर टिचकी मारली. टिचकी खणखणीत ऐकू आली. अण्णा गोंधळले. "चालू तर आहे," ते स्वतःशीच पुटपुटले, तेही अख्ख्या बाजारतळाला ऐकू गेलं.

मला ते बघवेना. माझ्या एका उतावळ्या फोनपायी हा माणूस खुर्ची सोडून परत वायरी धरायला आला होता. मी उठले आणि माइक ओढून घेतला.

"माइक बरोबर आहे. मी चुकले," मी म्हणाले. "मला काही सापडलेलं नाही."

मग मी सगळं सांगून टाकलं. लपाछपी, नाणं, खोटी लाट, पाकीट. खरवससुद्धा सांगितला. सांगताना रडले आणि रडतेय म्हणून स्वतःवरच चिडले.

अध्यक्ष गुरुजींकडे वाकून म्हणाले, "मग आता सत्कार कुणाचा करायचा?" माइक जवळच असल्यामुळे तेही सगळ्यांनी ऐकलं.

अण्णा तिथेच उभे होते, हातात वायरचं वेटोळं. त्यांनी उंबरकरांकडे वळून विचारलं, "साहेब, खोटी लाट तुम्ही स्वतः आत सोडली?"

"हो," उंबरकर म्हणाले. बोलायची परवानगी मिळाल्यावर त्यांचा चेहरा उजळला होता.

"पोरीला ठाऊक नसताना?"

"कुणालाच ठाऊक नसताना."

"आणि दुसऱ्या टोकाला हिला ती ऐकू आली?"

"आली."

"जेवढी सोडली तेवढीच? कमी न्हाई, जास्ती न्हाई?"

"तंतोतंत. मी खोटं बोलत नाही."

"बाकी खरखर?"

"काढून टाकली तिने. चार वर्षं तेच केलं."

अण्णांनी मान डोलावली. माझ्या हातातून माइक घेतला. तो तोंडापासून किती लांब धरायचा हे त्या मांडवात त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

"मंडळी, मला भाषण येत न्हाई," ते म्हणाले. "चाळीस वर्षं मी या माइकवर एकच बोलत आलो. हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग, वन टू थ्री. तुम्ही हसता, पोरं नक्कल करतात. पण कार्यक्रमाच्या आधी आपलाच आवाज आत सोडून बघायचा आसतो. तो शेवटच्या भोंग्यातून जसाच्या तसा बाहेर आला, तर समजायचं वायर धड आहे. न्हाईतर पुढारी तासभर बोलून जातो आणि लोकांना घंटा ऐकू येत न्हाई."

लोक हसले. अण्णा हसले नाहीत.

"या साहेबांनी आत हॅलो म्हटलं. आमच्या पोरीला ते ऐकू आलं. आता वायर धड आहे, एवढं नक्की. वक्ता यायचा बाकी आहे. तो चौदाशे कोटी वर्षांचा म्हातारा आहे म्हणतात, त्याला उशीर व्हायचाच. आपल्याकडं तरी आजवर कोण वेळेवर आलंय?"

आधी कुणीतरी शिट्टी मारली आणि मग टाळ्यांचा जो कडकडाट झाला, तो थांबेचना. अध्यक्षसुद्धा वाजवत होते. टोमणा कुणाला होता ते त्यांच्या ध्यानात आलं नसावं. उंबरकर दोन्ही हात डोक्याच्या वर नेऊन वाजवत होते.

अण्णांनी मागे वळून बघितलं. टाळ्या कुणासाठी चालल्यात ते त्यांना कळेना.

"अण्णा, तुमच्यासाठी आहेत," मी म्हणाले.

"काहीतरीच काय," असं म्हणत त्यांनी माइक स्टँडला लावला, वायरचं वेटोळं उचललं आणि सवयीने व्यासपीठाच्या पायऱ्या उतरायला निघाले. मी एका बाजूने धरलं, उंबरकरांनी दुसऱ्या बाजूने. आम्ही त्यांना तसेच मागे आणलं आणि खुर्चीवर बसवलं. टोकाला नाही, चांगलं मागे टेकून.

"बसा," मी म्हटलं. "आज खाली उतरायचं नाही."